सीएसएमटीवरचे सगळेच दगडी प्राणी ‘गार्गॉइल’ का?

सीएसएमटीच्या भिंतींवर दिसणाऱ्या प्रत्येक दगडी प्राण्याला गार्गॉइल म्हणायचं का, आणि हा शब्द कुठून आला, असं तुम्ही विचारलंत. प्रत्येकाला नाही.

गार्गॉइल ही मुळात पन्हळ आहे. छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू न देता लांब फेकायचं, हे तिचं काम. पाठीवर चर खोदलेला असतो, पाणी त्यातून येतं आणि बहुधा प्राण्याच्या तोंडातून बाहेर पडतं. मान इतकी लांब का, तर मान जेवढी पुढे तेवढी धार भिंतीपासून दूर. नाहीतर दगडांच्या सांध्यांतला चुना दर पावसाळ्यात थोडाथोडा धुऊन जाईल.

शब्द जुन्या फ्रेंचमधला: ‘गार्गुय’, म्हणजे घसा. गुळण्या करण्याला इंग्रजीत ‘गार्गल’ म्हणतात, तोही याच घरातला. फ्रान्समधल्या रूआँ गावाची एक दंतकथाही सांगितली जाते. सातव्या शतकातले बिशप संत रोमेन यांनी ‘गार्गुय’ नावाचा जलराक्षस पकडला, त्याला जाळलं. पण आग ओकायची सवय असलेलं डोकं आणि मान काही जळेना, म्हणून ती चर्चवर लावली. गोष्ट झकास आहे, पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणून ती धरू नका. सिंहमुखी पन्हळी प्राचीन ग्रीक देवळांवरही होत्या, या संताच्या कितीतरी आधी.

आता घोळ कुठे होतो ते. पाणी न सोडणाऱ्या, निव्वळ शोभेच्या चित्रविचित्र आकृतीला वास्तुशास्त्रात ‘ग्रोटेस्क’ म्हणतात. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये तर चर्चवरच्या अशा आकृत्यांना ‘हंकी पंक’ असं गमतीदार नाव आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा फोटो म्हणून आपण जे पाहतो, हातांवर हनुवटी टेकून शहराकडे बघणारं शिंगवालं भूत, ते गार्गॉइल नाही आणि मध्ययुगीनही नाही. वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात झालेल्या जीर्णोद्धारातली ती भर. फ्रेंच लोक अशा आकृत्यांना ‘शिमेर’ म्हणतात. खरी गार्गॉइलं त्याच चर्चवर आहेत, आडवी, मान बाहेर काढून, पण फोटो त्यांच्या वाट्याला कमी येतात. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगवरच्या पोलादी गरुडांनाही सर्रास गार्गॉइल म्हणतात, तेही पन्हळी नसताना.

आपल्या देवळांतला गोमुख किंवा मकरमुख दिसायला जवळचा. पण तिथून गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर येतं, छपराचं नाही. त्याला गार्गॉइल म्हणणं मला तरी खटकतं. आपल्याकडे ‘प्रणाल’ हा शब्द आहेच.

वापराबद्दल म्हणाल, तर रोजच्या इंग्रजीत हा शब्द कधीच सैल झालाय. कुठलाही भेसूर दगडी चेहरा गार्गॉइल, आणि क्वचित कुरूप माणसालाही टोमणा म्हणून तेच. गप्पांत चालतं. इमारतीचं वर्णन लिहिताना मात्र पाण्याची वाट आहे का ते बघा. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या या सीएसएमटी स्टेशनावर, ज्याचं बांधकाम 1878 मध्ये सुरू झालं, भिंतीबाहेर मान काढलेल्या प्राण्यांच्या बाबतीत ही खूण तपासा. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ यांना मात्र तपासायची गरज नाही. ते सरळ पुतळे आहेत: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा.