पदवी नसताना ओहोटीच्या पट्ट्यातील जीवांचे सर्वेक्षण करता येते का? कोणती साधने लागतात?

करता येते, आणि साधनांचा खर्चही किरकोळ आहे. ५० मीटरचा टेप, अर्ध्या मीटरची चौकट, पेन्सिल, वही आणि कॅमेरा एवढ्यावर खडकाळ किनाऱ्याचे काम भागते. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत टेप ताणून ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची आणि आतील जीव नोंदवायचे, हे मन लावणारा कोणीही शिकू शकतो. साधनांच्या आधी तिथी पाहावी, कारण आपल्याकडची कित्येक सर्वेक्षणे तिथेच फसतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात जेटी प्रस्तावित होती. सल्लागार संस्थेच्या अहवालात तेथील खडपांविषयी ‘प्रवाळ आढळले नाही’ एवढेच वाक्य होते. तेथे कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या एका मावशींनी मला सांगितले की, बाहेरचा कातळ फक्त मोठ्या उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, ओहोटीला उघडा पडतो. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्यामागून तेथे गेलो. कातळाच्या कडेला तळहाताएवढे, गाळाने माखलेले करडे थर होते. उभ्याने पाहिले तर दगडच वाटावेत असे. ओंजळीने पाणी घालून गाळ हटवला, तेव्हा पांढऱ्या कडांची बहुकोनी घरे एकमेकांना चिकटून बसलेली स्पष्ट दिसली. ते स्युडोसिडरास्ट्रिया होते, म्हणजे आपल्या गढूळ पाण्यात तग धरणारे दगडी प्रवाळ. ही नोंद साधी नव्हे. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेनुसार प्रवाळांचा भाग सीआरझेड-१अ या सर्वांत संवेदनशील वर्गात मोडतो.

अहवालातील पाहणीच्या तारखेची तिथी काढली, तर ती अष्टमी निघाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणात पोरेसोरेही करतात. त्यानुसार अष्टमीची भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. वेळ सोयीची, उजेड भरपूर. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, ओहोटी असल्याने पाणी पुरेसे उतरतच नाही आणि बाहेरचा कातळ बुडालेलाच राहतो. हे मी संस्थेच्या तज्ज्ञांसमोर मांडले, तेव्हा ‘स्थानिकांचे सांगणे म्हणजे विदा (डेटा) नव्हे’ असे उत्तर मिळाले. माझ्या मते मावशींचे सांगणे त्या अहवालापेक्षा अधिक शास्त्रीय होते, कारण त्यांनी जागा, वेळ आणि पाण्याची पातळी तिन्ही सांगितली होती. ‘आढळले नाही’ हे वाक्य किती क्षेत्र, किती वेळ आणि कोणत्या ओहोटीला पाहिले याशिवाय लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग पदवी कोणतीही असो.

म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस धरा, पाणी उतरत असतानाच खाली जा आणि रिकाम्या चौकटीही नोंदवा. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, नाहीतर त्याच्या पोटाखालचे जीव उन्हाने मरतात. प्रवाळ किंवा इतर संरक्षित जीव उचलू नका, छायाचित्र पुरते.

हे सारे खडकाळ किनाऱ्यापुरते आहे. चिखलात जीव गाळणीने गाळून मोजावे लागतात आणि पाण्याखालच्या कामाला प्रशिक्षित पाणबुडे हवेत. सर्वच सल्लागार असे वागतात असेही नाही. तरीही तुमच्या गावाचा अहवाल हाती आला, तर जीवांची यादी वाचण्याआधी तारीख पाहा आणि पंचांग उघडा.