पोट बिघडले? आधी घड्याळ पाहा

या वेळच्या पत्रांत जुलाब, आव, मुदतीचा ताप (टायफॉइड) आणि अन्नातून झालेली विषबाधा यांविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत. बऱ्याच पत्रांत या साऱ्यांना मिळून ‘इन्फेक्शन’ म्हटले आहे आणि सगळ्यांवर एकच गोळी घेतलेली दिसते. हे जिवाणू एकमेकांसारखे वागत नाहीत. म्हणून उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : दुपारी शिजवलेला भात रात्री कडक गरम करून खाल्ला. दोन-अडीच तासांत घरातल्या तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. ताप नव्हता आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठीक होते. अन्न एवढे गरम केल्यावर जिवाणू मरायला नकोत का?

जिवाणू मेलेही असतील. त्रास झाला तो त्यांनी मरण्यापूर्वी भातात सोडलेल्या विषाचा. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरीयस या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजताना हे बीजाणू मरत नाहीत, उलट उष्णतेने जागे होतात. मग भात कोमट होऊन तसाच ओट्यावर राहिला की त्यांची वाढ सुरू होते. यातल्या काही वाणांचे उलटी आणणारे विष इतके चिवट असते, की प्रेशर कुकरमधल्या तापमानालाही ते नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचेही असेच आहे. तो बहुधा स्वयंपाक करणाऱ्याच्या नाकातून, हातावरच्या गळवातून किंवा कापलेल्या बोटातून अन्नात येतो आणि त्याचे विष अर्धा तास उकळले तरी टिकते.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो खाल्ल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला हा. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत आणि उलट्याच जास्त, तर अन्नात आधीच तयार झालेले विष. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि पातळ जुलाब, ताप किंवा उलटी जवळजवळ नाही, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा संशय घ्यावा. मोठ्या पातेल्यात शिजवलेले मांस किंवा रस्सा सावकाश निवत राहिला की त्याचे फावते, कारण 43 ते 47 अंश सेल्सिअसला त्याची संख्या साधारण दहा मिनिटांत दुप्पट होते. सहा ते बहात्तर तासांनी ताप, कळा आणि जुलाब असतील तर साल्मोनेला. शिगेला एक ते तीन दिवस घेतो. काही ई. कोलाय तीन-चार दिवस घेतात. टायफॉइडला तर एक ते दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात.

म्हणून ‘शेवटचे काय खाल्ले’ यावर दोष ठेवण्याची सवय सोडायला हवी. आज ताप आणि जुलाब सुरू झाले असतील तर परवाचे जेवणही आठवावे, आणि ते ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्यांना विचारावे.

भाताबद्दल नेमके सांगायचे तर अन्न 5 ते 60 अंशांच्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. उरलेले अन्न त्याच खोल पातेल्यात झाकून ठेवले तर मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो. वरून हात लावला तर गार लागते, आत चमचा खुपसला तर वाफ येते. ते पसरट भांड्यात, जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर थर होईल असे काढावे, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये हा समज इथे महागात पडतो. आणि दिवसभर बाहेर राहिलेला भात गरम करून वाचवता येत नाही, तो टाकून द्यावा.

प्रश्न : चार दिवस रक्त आणि आव पडते आहे, तापही आहे. घरात मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या होत्या, त्या घेतल्या. फरक का पडला नाही?

कारण आव पडण्याची दोन मुख्य कारणे आहेत आणि ही गोळी त्यातल्या एकावरच चालते. अमीबामुळे होणारी आव हळूहळू सुरू होते. ताप बहुधा नसतो किंवा थोडा असतो आणि माणूस हिंडता-फिरता असतो. शिगेलामुळे होणारी आव एकाएकी येते. सडकून ताप, दिवसात दहा-वीस वेळा जाणे, प्रत्येक वेळी चमचाभर रक्तमिश्रित शेम आणि उठल्यावरही न संपणारे कुंथणे असे तिचे रूप असते. शिगेलावर मेट्रोनिडॅझोलचा काही परिणाम होत नाही. तुमचे वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, पण खात्री तपासणीनेच होईल. चार दिवस रक्त आणि ताप आहे, तेव्हा आजच डॉक्टरांकडे जा.

कियोशी शिगा यांनी 1897 मध्ये जपानमधल्या साथीत हा जिवाणू शोधला. त्याची भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याला लागण करायला दहा ते शंभर जिवाणू पुरतात. जठरातल्या आम्लाला तो दाद देत नाही. साल्मोनेलाला साधारणपणे हजारो-लाखोंची फौज लागते, म्हणून तो बहुधा अन्नात वाढून मग पोटात येतो. शिगेला मात्र नळाच्या तोटीवरून, टॉवेलवरून, लहान मुलाच्या नखांतून थेट पसरतो. घरात एकाला झाले की आठवड्यात तिघांना होते ते यामुळेच.

नमुना देताना बऱ्याच चुका होतात, म्हणून थोडे खोलात सांगतो. प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यावा. लघवी, पाणी किंवा फिनाइल न मिसळलेल्या कोरड्या, स्वच्छ भांड्यात शौच करून त्यातला शेम-रक्ताचा भाग मुद्दाम उचलावा. नुसता घट्ट किंवा पाण्यासारखा भाग देऊन उपयोग नाही. शिगेला शौचात फार वेळ जगत नाही, कारण शौच साठून राहिले की आम्लधर्मी होते. म्हणून कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. उशीर होणार असेल तर प्रयोगशाळेतून नमुना टिकवून ठेवणाऱ्या केरी-ब्लेअर माध्यमाची बाटली आधीच मागून घ्यावी. अमीबा शोधायचा असेल तर घाई आणखी मोठी, कारण जिवंत, हलणारा अमीबा अर्ध्या तासाच्या ताज्या नमुन्यातच नीट ओळखू येतो. सकाळचा नमुना संध्याकाळी पाहून ‘अमीबा नाही’ असा अहवाल आला तर त्यावर विसंबू नये.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नका. आतडे जे बाहेर टाकू पाहते आहे ते ती आत कोंडते. आणि रक्त आहे पण ताप नाही असे असेल तर प्रतिजैविक स्वतःहून मुळीच सुरू करू नका. ई. कोलाय ओ157 सारख्या वाणांत प्रतिजैविकाने मूत्रपिंडाला इजा करणारी गुंतागुंत वाढू शकते. जुलाब सुरू झाल्यापासून आठवडाभराने, पोट सुधारत असतानाच मूल फिकट दिसू लागले आणि लघवी कमी झाली तर हीच गुंतागुंत समजून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

घरात : रुग्णाने स्वयंपाक करू नये, टॉवेल वेगळा ठेवावा, साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. संडासाची कडी, नळ आणि फ्लशचे बटण यांवर ब्लीचचे पाणी फिरवून दहा मिनिटे राहू द्यावे. बाटलीवर पाच टक्के लिहिले असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर पुरते. शाळा किंवा कामावर शेवटच्या जुलाबानंतर किमान 48 तासांनीच.

प्रश्न : तीन दिवस ताप होता. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचे औषध सुरू केले. दुसऱ्या डॉक्टरांनी हा टायफॉइड नसावा असे सांगितले. कोणाचे खरे मानायचे?

दुसऱ्या डॉक्टरांचा संशय रास्त आहे. विडाल ही 1896 सालची चाचणी. ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे पहिल्या आठवड्यात बहुधा पुरेशी चढलेलीच नसतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी आलेला पॉझिटिव्ह अहवाल जुन्या संसर्गाचा, जुन्या पद्धतीच्या लसीचा किंवा वेगळ्याच आजाराचा असण्याची शक्यता बरीच असते. मलेरियातही विडाल पॉझिटिव्ह येते. दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन दुसऱ्यात प्रमाण चौपट झाले तर त्याला अर्थ आहे. तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा अडचणीत आलेला असतो, म्हणून व्यवहारात ते कोणी करत नाही.

तपासणीचा खरा मार्ग रक्ताच्या कल्चरचा. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात फिरत असतो. तो लहान आतड्यातल्या लसिका गाठींतून शिरतो, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत वाढतो आणि तिथून पुन्हा रक्तात उतरतो. या फेरीत पोटापेक्षा तापच ठळक असतो. जुलाबाऐवजी बद्धकोष्ठही असू शकतो. रक्तात जिवाणूंची संख्या फार थोडी असते, म्हणून मोठ्या माणसाचे निदान आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते. दोन मिलिलिटर घेऊन केलेले कल्चर निगेटिव्ह आले यात नवल नाही. प्रतिजैविकाची एक-दोन मात्रा आधी गेली तरी उत्तर बिघडते. सगळे नीट केले तरी एका नमुन्यात साधारण निम्मेच रुग्ण सापडतात. पण सापडला की कोणते औषध त्याच्यावर चालेल हेही कळते. पाकिस्तानात 2016 पासून पसरलेल्या वाणावर नेहमीची बहुतेक प्रतिजैविके निकामी ठरली, तोंडाने घेण्याच्या औषधांत मुख्यतः ॲझिथ्रोमायसिनच उरले. हे वाण कल्चरमुळेच ओळखले गेले. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक अनावश्यक औषधाने आपण असे वाण घडवायला हातभार लावतो.

निदान पक्के असेल तर एक लक्षात ठेवा. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी औषध बदलायची घाई करू नये. ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडूही नये. उपचार झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आतड्यातल्या व्रणांतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला भोक पडू शकते. एकाएकी पोटात असह्य दुखून पोट फळीसारखे कडक झाले तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : टायफॉइड बरा झाला. मी स्वयंपाकाचे काम करते. कधीपासून काम सुरू करू?

शौचाची तपासणी झाल्यावर. बरे झालेल्यांपैकी शंभरात एक ते पाच जणांच्या पित्ताशयात जिवाणू वर्षाहूनही जास्त काळ राहतो. त्यांना काहीही त्रास होत नाही, पण शौचातून जिवाणू पडत राहतो. पित्ताशयात खडे असतील तर ही शक्यता वाढते, कारण खड्यावर त्याचा चिवट थर बसतो आणि औषध आत पोचत नाही. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन अशी वाहक असल्याचे 1907 मध्ये उघड झाले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर तिला 1910 मध्ये सोडले, पण 1915 मध्ये ती एका प्रसूतिगृहात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली आणि 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला वेगळे ठेवले गेले. तिच्यासाठी त्या काळी प्रतिजैविक नव्हते. तुमच्यासाठी आहे. औषध संपल्यावर निदान 48 तास थांबून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. तिन्ही निगेटिव्ह आले की डॉक्टरांच्या सल्ल्याने काम सुरू करा. एखादा पॉझिटिव्ह आला तरी घाबरू नका, सुमारे चार आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक जण मुक्त होतात.

घरच्यांनी लस घ्यावी. संयुग्मित (कॉन्जुगेट) लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. मात्र पॅराटायफॉइड ए वर तिचा भरवसा धरू नये, त्या जिवाणूवर लसीला ओळखू येणारे आवरणच नसते.

प्रश्न : कच्चे चिकन धुऊन घेतले की साल्मोनेला जातो का?

नाही. तो शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातो. न धुता शिजवा, सर्वांत जाड भागात 74 अंश गाठा. कच्च्याचा चाकू आणि पाट सॅलडला लावू नका. फ्रीजरमध्येही तो मरत नाही, फक्त थांबून राहतो.

प्रश्न : उलट्या चालू असताना जलसंजीवनी पोटात राहत नाही. काय करावे?

पेला तोंडाला लावू नका, चमच्याने द्या. उलटी झाली की दहा मिनिटे थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा शीग लावून भरू नका, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलाला धोका होतो. साखर वाढवली तर जुलाब वाढतात. चव पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. चोवीस तासांनी उरलेले ओतून टाका.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, दहा वर्षांपर्यंत 100 ते 200, मोठ्यांना तहान भागेल तेवढे. आईचे दूध आणि नेहमीचे खाणे थांबवू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना झिंक रोज 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली 10 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस द्यावे. जुलाब आधी थांबले तरी पूर्ण मुदत द्यावे.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती जागेवर यायला दोन सेकंदांहून जास्त लागले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा मूल पाणी प्यायलाही उठेना, तर रुग्णालयात न्यावे. वाटेतही चमचा चालू ठेवावा.