यूलिप राहू द्या, आधी ईएडीचं बोला

प्रश्न: मी नागपूरची, शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकले. चार वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-4वर. आईच्या नावानं एट्सी या ऑनलाइन बाजारात दुकान उघडलंय. चित्रं मी इथेच काढते, इथूनच पाठवते, पैसे आईच्या धरमपेठेतल्या खात्यात जातात. 60 डॉलरला एक, अशी महिन्याला 20 गेली की लाख रुपये होतात. त्यातले 50 हजार दरमहा यूलिपमध्ये (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना) टाका, असं ओळखीचे एजंट म्हणतात. टाकू का? नागपुरात माझ्या साध्या बचत खात्यात 2 लाख आणि 9 लाखांची एफडी आहे.

उत्तर: नका टाकू. पण यूलिप हे तुमच्या पत्रातलं सर्वांत लहान दुखणं आहे. मोठं दुखणं तुम्ही विचारलेलंच नाही. एच-4वर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसताना तुम्हाला अमेरिकेत कमाईचं काम करता येत नाही, आणि तुमच्या पत्रात ईएडीचा शब्दही नाही.

‘नोकरी थोडीच करतेय, माझीच चित्रं आहेत’ हे डोक्यातून काढा. स्वतःचा धंदा हेही कामच. पैसे कोणाच्या खात्यात गेले यानं फरक पडत नाही. चित्र काढणारी आणि पार्सल बांधणारी व्यक्ती न्यू जर्सीत बसली आहे, यानं पडतो. एलएलसी, म्हणजे स्वतःची कंपनी, काढूनही सुटका नाही, कारण मालकी चालते, राबणं चालत नाही. हा अटींचा भंग आज कोणी विचारणार नाही. स्टेटस बदलताना किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी तो नेमका वर येतो.

आईला मध्ये घेऊन तुम्ही गुंता वाढवलात. परदेशातून पैसे आले की बँक परपज कोड मागते, म्हणजे पैसे कशाचे ते विचारते. आईनं काय सांगायचं? निर्यात म्हणावं तर माल नागपुरातून हललाच नाही. मुलीनं पाठवले म्हणावं तर ते गिऱ्हाइकाचे. अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी तर ही कमाई तुमचीच, आणि परवाना नव्हता म्हणून कर माफ होत नाही.

यजमानांना आजच विचारा: आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर आहे का? असेल, किंवा त्यांना कायद्यानं सहा वर्षांपुढची एच-1बी मुदतवाढ मिळाली असेल, तर तुम्ही ईएडीचा अर्ज, म्हणजे आय-765, भरू शकता, वर्ग सी-26. ही सोय मे 2015 पासून आहे. हे कार्ड एका मालकाशी बांधलेलं नसतं, त्यामुळे स्वतःचं दुकान चालतं. मात्र अर्जाची पावती म्हणजे परवाना नव्हे. कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडेपर्यंत एकही चित्र विकायचं नाही. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणून तो अर्ज मुदत संपायच्या 180 दिवस आधीच टाका. नवं कार्ड आलं नाही तर दुकान तेवढे दिवस बंद.

आय-140 किंवा ती मुदतवाढ नसेल तर चित्रं काढा, भिंतीवर लावा, भेट द्या, विकू नका. झालेल्या विक्रीचं काय? दुकान आज बंद करा, पण नोंदी पुसू नका. तारीखवार यादी घेऊन आधी इमिग्रेशन वकील, मग सीपीए (तिकडचा सीए), याच क्रमानं. कॉलेजातली जुनी चित्रं नागपुरात पडून असतील, ती आईला कायमची देऊन टाकलीत आणि दुकान, पार्सल, हिशेब सगळं आईनंच केलं, तर गोष्ट वेगळी. 500 रुपयांत आयईसी हा निर्यातीसाठीचा क्रमांक निघतो, कमाई आईच्या विवरणपत्रात जाते. पण मग पैसेही आईचेच, आणि हेही वकिलाला विचारूनच.

आता तो लाख. परवाना मिळाला असं धरू. 60 डॉलरमधून एट्सीचे 6.5 टक्के, कार्डाचे 3 टक्के आणि किरकोळ धरून 6 गेले. कॅनव्हास, रंग, खोका, टपाल यांचे 20 धरा. उरले 34. स्वयंरोजगार कर साधारण 14 टक्के, म्हणजे 5. यजमानांच्या पगारामुळे तुम्ही 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आणखी 7. हातात 22, राज्याचा कर निराळा. वीस चित्रांचे 440 डॉलर, म्हणजे 85च्या दरानं 37 हजार. त्यातून 50 हजारांचा हप्ता कसा भरणार? आणि दर महिन्याला 20 जातीलच, हे कोणी सांगितलं?

एजंटसाहेबांनी ‘सगळं करमुक्त’ म्हटलं असेलच. वर्षाला 6 लाख हप्ता म्हणजे अडीच लाखांच्या मर्यादेबाहेर, भारतातच मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त नाही. अमेरिकेत तर आतल्या फंडांना पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, धरून फॉर्म 8621 भरायची वेळ येऊ शकते. सीपीएची फी नफा खाईल. हप्ता थांबला तर पैसे पाच वर्षं पुरी होईपर्यंत अडकलेच.

शेवटी नागपूरची खाती. 9 आणि 2, अकरा लाख, म्हणजे 13 हजार डॉलरच्या आसपास. वर्षात कधीही एकूण 10 हजार डॉलरवर गेलं की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावाच लागतो. ऑनलाइन आहे, फुकट आहे, तरी तुमची चार वर्षं राहिलेली दिसतात. आईच्या खात्यावर तुमची सही चालत असेल तर तेही त्यात धरायचं. एफडीचं व्याज दरवर्षी अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवलंय का, तेही तपासा. नसेल तर सीपीएला मागच्या वर्षांसकट दुरुस्ती करायला सांगा. बँकेत पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा देऊन बचत खातं आणि एफडी दोन्ही एनआरओ, म्हणजे अनिवासींची खाती, करून घ्या. व्याजावर 30 टक्के अधिक सेस टीडीएस कापला जाईल. तो वाचवायला वडिलांनी तुमच्या नावानं 15जी, म्हणजे ‘टीडीएस कापू नका’ असं सांगणारा फॉर्म, भरून दिला असेल, तर आधी तो थांबवा. तो फॉर्म अनिवासींसाठी नाही.