डाएट सोड्याआधी लेबल वाच
सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, म्हणून गहू सोडूनही पोट फुगतंय, तर बाटलीमागचं लेबल बघ. डाएट सोड्यात सहसा ग्लुटेन नसतं. लेबलवरचे आकडे साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थांचे: ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज. जास्त छळतात ते शुगरफ्री च्युइंगम-चॉकलेटमधले ४२० सॉर्बिटॉल आणि ९६५ माल्टिटॉल. ते आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, मग गॅस, मुरडा, जुलाब. सीलिॲकचं आतडं अजून भरून यायचंय, तेव्हा तर विचारूच नकोस! काही आठवडे हे सगळे शुगरफ्री पदार्थ बंद ठेव, मग एकेक गोष्ट थोडी थोडी घेऊन बघ. सांगलीच्या उन्हात ताक केव्हाही बरं, पण घरचं. बाहेरच्या मठ्ठ्यात हिंग असू शकतो आणि डबीतल्या बहुतेक हिंगात मैदा. भडंग घेतानाही फोडणीत हिंग आहे का, ते विचारच.