वाचकांचे प्रश्न : कर्नल मॉड्यूल, कंपायलरचे फ्लॅग आणि कॉमेंट

प्रश्न : लिनक्ससाठी एक लहान कर्नल मॉड्यूल (प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडला जाणारा कोड) लिहिताना मेकफाइलमधील (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीतील) ‘सीसीफ्लॅग्ज-वाय’ या यादीत मी सवयीने ‘-ॲन्सी’ आणि ‘-पेडँटिक’ हे फ्लॅग (कंपायलरला द्यायचे पर्याय) घातले. आता // अशा कॉमेंटवर जीसीसी हा कंपायलर अडतो आणि कर्नलच्या हेडर फाइलींतही (इतर फाइलींत समाविष्ट करायच्या सामाईक फाइलींतही) असंख्य त्रुटी दाखवतो. सगळ्या कॉमेंट /* */ पद्धतीने लिहाव्यात का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : कॉमेंट आहेत तशाच ठेवा आणि ते दोन फ्लॅग काढून टाका. कोणत्या सी प्रमाणानुसार संकलन करायचे हे कर्नलची बांधणी-यंत्रणा स्वतः ठरवते. 5.18 आवृत्तीपासून (2022) ते ‘जीएनयू11’ (जीएनयूच्या जादा सोयींसह 2011 चे सी) आहे, त्याआधी ‘जीएनयू89’ (तशाच सोयींसह जुने सी) होते, आणि जीसीसी या दोन्हींत // स्वीकारतो. मात्र ‘सीसीफ्लॅग्ज-वाय’मधील फ्लॅग यंत्रणेच्या फ्लॅगनंतर जोडले जात असल्याने तुमचा ‘-ॲन्सी’ शेवटी येऊन प्रभावी ठरला आणि 1990 चे काटेकोर सी लागू झाले.

त्या सी मध्ये // ही कॉमेंट नाहीच. ‘8 //* टीप */ 2’ ही ओळ घ्या : जुन्या नियमाने मधली टीप गळून 8 भागिले 2 उरते, तर 1999 च्या नियमाने // नंतरचे सर्व काही कॉमेंट ठरून केवळ 8 उरतो. हेडरमधील त्रुटींचे कारण वेगळे आहे. कर्नलभर वापरलेला ‘टाइपऑफ’ (एखाद्या पदाचा डेटा-प्रकार देणारा शब्द) हा जीएनयू विस्तार, म्हणजे प्रमाणाबाहेरची जादा सोय, असून ‘-ॲन्सी’ तो बंद करतो. ‘-पेडँटिक’ तर अशा विस्तारांबद्दल इशाऱ्यांचा पाऊस पाडतो, ज्यात तुमच्या कोडमधील खरा दोष दिसेनासा होतो.

काही ठिकाणी मात्र /* */ खरोखरच हवे. फाइलीचा परवाना ठरावीक पद्धतीने सांगणारी एसपीडीएक्स ओळ सी फाइलीत // ने, तर हेडरमध्ये /* */ ने लिहितात, कारण हेडर असेंब्ली (यंत्रभाषेजवळच्या भाषेतील) फाइलींतही समाविष्ट होतात आणि जुन्या असेंब्लर साधनांना // समजत नाही. वापरकर्त्याच्या प्रोग्रामांसाठी असलेले ‘यूएपीआय’ हेडर तर सी90 (1990 चे सी) नुसारच तपासले जातात, म्हणून तिथे // टाळावे.

फ्लॅगच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन की कर्नलची बांधणी-यंत्रणा टाळून जीसीसी स्वतंत्रपणे चालवू नका, कारण मग तिचे आवश्यक फ्लॅग सुटू शकतात. एक्स86-64 वर कर्नल ‘रेड झोन’ बंद करूनच संकलित होतो. रेड झोन म्हणजे स्टॅक पॉइंटरखालची (स्टॅक या तात्पुरत्या स्मृतीच्या टोकापलीकडची) 128 बाइटची जागा; ती इंटरप्टमुळे (हार्डवेअरने मध्येच दिलेल्या व्यत्ययामुळे) पुसली जाऊ शकते, आणि तो फ्लॅग सुटला तर कोणतीही त्रुटी न दिसता मॉड्यूल तयार होते, पण चालताना कधीही स्मृती बिघडवू शकते. अधिक कडक तपासणी हवी असल्यास ‘मेक’ या बांधणीच्या आज्ञेला ‘डब्ल्यू=1’ द्या; त्यातील इशारे कर्नलच्या कोडसाठीच निवडलेले असतात.