पंख सारखे, अंग वेगळं
वाचकांचे प्रश्न, फुलपाखरांबद्दल

या महिन्यात काळ्या-लाल फुलपाखरांबद्दल सर्वांत जास्त पत्रं आली. सुरुवात त्यांच्यापासूनच करते.

ताई, आमच्या परसातल्या कढीलिंबावर एक काळं फुलपाखरू अंडी घालताना बघितलं. मागच्या पंखावर मधोमध पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी. मोबाइलमधलं अॅप ठामपणे 'कॉमन रोझ' सांगतं. पुस्तकात मात्र कॉमन रोझ कढीलिंबावर अंडी घालत नाही असं दिलंय. आम्ही कोणाचं खरं मानायचं? (दाणोली, ता. सावंतवाडी)

पुस्तकाचं. तुम्ही बघितलीत ती कॉमन मॉरमॉनची मादी. मराठीत या फुलपाखराला 'बहुरूपी' म्हणतात आणि ते नाव त्याला अगदी शोभतं. नर नेहमी एकसारखा असतो: काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. माद्या मात्र तीन रूपांत दिसतात. एक थेट नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. तिन्ही रूपं एकाच परसात, एकाच आठवड्यात दिसू शकतात, आणि तिघींची अंडी कढीलिंब, लिंबू यांसारख्याच झाडांवर असतात.

रोझ जातीच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. आपल्याकडे सापसंद म्हणतात ती हीच. या वेलीतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा रोझची चव घेतली की त्या रंगाच्या वाटेला तो पुन्हा जात नाही. मॉरमॉनच्या अंगात असं विष नाही, पण मादीने तो रंग उचललाय आणि संथ उडणंसुद्धा. २०१४ मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे सगळं रूपांतर 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकाशी बांधलेलं आहे. नर-मादीतले फरक ठरवणारं हे जनुक इथे मादीचा वेषही ठरवतं. मी हे वाचलं तेव्हापासून कढीलिंबाजवळ घुटमळणारी प्रत्येक मॉरमॉन मादी थांबून बघते.

आता ओळखायचं कसं? पंख सोडा, अंग बघा. रोझचं डोकं आणि पोटाच्या बाजू लालभडक असतात, घाणेरीच्या फुलावर बसलेलं असतानाही ते दुरून कळतं. मॉरमॉनच्या मादीचं अंग काळं. पंखांची नक्कल तिला इतकी हुबेहूब साधली, पण अंगाचा लाल रंग काही आला नाही. क्रिमझन रोझसारख्या दिसणाऱ्या मादीलाही हीच खूण लागू पडते. वरून घेतलेल्या फोटोत पंखच सगळी जागा व्यापतात आणि अंग सावलीत जातं. अॅप चुकतं ते इथेच. म्हणून एक फोटो बाजूने घ्या. आणि अंडी अजून असतील तर तीही बघा: मॉरमॉनची अंडी फिकट पिवळसर असतात, रोझची तांबूस. अळी बाहेर आली की पहिले काही दिवस पक्ष्याच्या शिटेसारखी दिसेल, मग हिरवी होईल. कढीलिंबाची चार डहाळ्या पानं ती खाईल. खाऊ द्या, झाड पुन्हा फुटतं.

मी बारावीत आहे. पाऊस थांबल्यावर आमच्याकडे वाटेवरच्या ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं घोळक्याने बसतात. सगळी एकाच जातीची आहेत का? कॉलेजच्या नोंदवहीत नाव लिहायचं आहे. (रत्नागिरी)

बहुतेक नाहीत. ही ग्रास यलो, म्हणजे 'युरेमा' कुळातली. एका घोळक्यात दोन-तीन जाती सहज असतात. मातीतले क्षार शोषायला बसलेल्यांत बरेचसे नर असतात, आणि ती बसतात पंख मिटून, हे तुझ्या फायद्याचं आहे. कारण यांची ओळख पंखाच्या खालच्या बाजूला आहे. पुढच्या पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी बंद झालेला एक लांबट कप्पा असतो. त्यातल्या काळपट खुणा मोज. दोन असतील तर कॉमन, तीन तर थ्री-स्पॉट, एक असेल तर वन-स्पॉट. एकही नसेल तर स्पॉटलेस किंवा स्मॉल. या दोघांत स्पॉटलेसच्या पुढच्या पंखाचं टोक कापल्यासारखं चौकोनी दिसतं, स्मॉलचं गोलसर.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात खुणा पुसट होतात, झिजलेल्या पंखावर दिसतच नाहीत, आणि कोरड्या ऋतूत खालच्या बाजूला तांबूस डागांची भर पडते. कॉमन ग्रास यलोच्या पंखाच्या टोकाला तेव्हा तपकिरी ठिगळ येतं आणि ते भलतंच कोणीतरी वाटतं. अशा वेळी नोंदवहीत 'युरेमा, जात ठरली नाही' असं लिही. ती पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. ओढूनताणून लिहिलेलं नाव मात्र पुढे वर्षानुवर्षं कोणाच्या तरी यादीत खोटं बसून राहतं, आणि ते शोधून काढायला कुणाकडे वेळ नसतो. मार्कांसाठी नाव हवंच असेल तर अळ्या शोध. टाकळ्यावर एकटीदुकटी हिरवी अळी मिळाली तर ती कॉमन असण्याची शक्यता मोठी. एकाच डहाळीवर अळ्यांचा घोळका दिसला तर थ्री-स्पॉट, कारण ती मादी अंडी पुंजक्याने घालते.

फुलपाखरं पकडून टाचणीला लावू का, असंही तू विचारलं आहेस. नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कित्येक फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि आपल्या हातात कोणती जात आली हे ओळखता येत नसताना तर मुळीच नको. मिटल्या पंखांचा एक स्वच्छ फोटो पुरतो.

आमच्या हापूसच्या कलमांवर पांढरी-पिवळी, लाल टिकल्यांची फुलपाखरं फार येतात. मोहोराला त्रास आहे का? (देवगड)

काही त्रास नाही. हे कॉमन जेझबेल, आपलं हळदी-कुंकू. ती कलमाकडे येत नाहीत, कलमावरच्या बांडगुळाकडे येतात, अळ्या त्याचीच पानं खातात. बागेतलं बांडगूळ तुम्ही काढालच, ते बरोबरच आहे. बांधापलीकडच्या रानातल्या झाडावरचं राहू द्या. याच रंगाचं पेंटेड सॉटूथ दक्षिणेकडच्या घाटांत असतं. त्याच्या लाल टिकल्या चौकोनी, जेझबेलच्या टोकदार. देवगडात त्याची काळजी नको.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या वाटेवर मोठं काळं फुलपाखरू, पंखावर चमकता हिरवा-निळा रंग. मित्र पॅरिस पीकॉक म्हणतो, मी मलबार बँडेड पीकॉक म्हणतो. फोटो हलला आहे, माफ करा. (कुडाळ)

फोटो हललेला असला तरी कामाचा आहे, कारण रंग कुठे आहे तेवढं त्यात कळतं. पॅरिस पीकॉकचा काळा पंख हिरव्या कणांनी शिंपडलेला असतो आणि झगझगीत निळा ठसा फक्त मागच्या पंखावर, वरच्या बाजूला असतो. मलबार बँडेड पीकॉकला पट्टा असतो. तो पुढच्या पंखापासून सुरू होऊन खंड न पडता मागच्या पंखावर उतरतो. तुमच्या फोटोत पुढच्या पंखावरही रंगाची पट्टी स्पष्ट आहे, म्हणजे तुमचं बरोबर. पट्टा अगदी अरुंद असता तर तिसऱ्याचा, कॉमन बँडेड पीकॉकचा विचार करावा लागला असता, पण तो जास्त करून कोरड्या रानातला.

तो हिरवा होता की निळा यावरून मात्र वाद घालू नका. हा रंग पंखांवरच्या खवल्यांच्या बारीक रचनेतून येतो. उजेडाचा कोन बदलला की तेच फुलपाखरू हिरव्याचं निळं दिसतं.

आणखी एक खूण सांगते, ती माझी सर्वांत आवडती आहे. मलबार बँडेड पीकॉकची अळी तिरफळाच्या झाडावर वाढते. होय, बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच तिरफळ. खोडभर जाड, गाठाळ काटे असलेलं हे झाड रानात आणि जुन्या आवाठांच्या कडेला असतं. पुढच्या वेळी त्याच वाटेवर तिरफळ शोधा. सापडलं तर थोडा वेळ तिथेच उभे राहा, मादी कोवळ्या पानांपाशी येते. पॅपिलिओ बुद्धा असं शास्त्रीय नाव असलेली ही जात जगात फक्त पश्चिम घाटात आहे. केरळने २०१८ मध्ये तिला राज्य फुलपाखरू केलं, तसं आपण २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला केलं. काटे लागतात म्हणून परसातलं तिरफळ तोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तोडू नका. फळं तुमची, पानं तिची.

मी सहावीत आहे. पावसात आमच्या पडवीत संध्याकाळी एक तपकिरी फुलपाखरू यायचं, त्याच्या पंखाखाली डोळे होते. आता थंडीत तसंच येतं, पण डोळे नाहीत. मी दोन्ही चित्रं पाठवते आहे. (खेड)

तुझी चित्रं फार छान आहेत, आणि पंखाची खालची बाजू काढलीस हे तर उत्तमच. दोन्ही एकच जात आहे, कॉमन ईव्हनिंग ब्राऊन. पावसाळ्यात जन्मलेल्यांना डोळे असतात. थंडीत आणि उन्हाळ्यात जन्मलेली सुक्या पानासारखी होतात, कारण तेव्हा रानात सुका पाचोळा असतो आणि त्यात लपायचं असतं. अळी वाढत असताना हवा कशी होती यावर पंखावरचे डोळे ठरतात.

दोन सुक्या रूपांची चित्रं काढून बघ, एकाचं पान दुसऱ्यासारखं दिसणार नाही. पुढच्या पावसात भाताच्या रोपांवर हिरवी, डोक्याला दोन बारीक शिंगं असलेली अळी दिसते का तेही बघ. ती याचीच. आजोबांना विचारून पानासकट डब्यात ठेव, झाकणाला भोकं पाड, रोज ताजं पान घाल. फुलपाखरू बाहेर आलं की पंख वाळेपर्यंत हात लावू नकोस, आणि पंखाखालच्या डोळ्यांचं चित्र मला पाठव.