पहिल्या पेस्टल चित्रासाठी साहित्य काय घ्यावं? ४८ रंगांचा सेट लागतोच का?

नाही लागत. २४ अर्ध्या कांड्यांचा सेट पहिल्या चित्राला भरपूर झाला. वाचलेले पैसे कागदावर घाला, कारण पहिलं चित्र फसतं ते बहुतेक वेळा कागदामुळे.

पण त्याआधी डब्यावरचं लेबल नीट वाचा. ऑइल पेस्टल आणि सॉफ्ट पेस्टल या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. ऑइल पेस्टलमध्ये रंग तेल-मेणात मळलेला असतो, त्याची भुकटी पडत नाही. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगाची पूड आणि तिला जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. मी पहिला डबा घाईत उचलला, घरी येऊन बोटाने रंग पसरवायला गेले आणि कागदावर नुसते चिकट फराटे उठले. तुमच्या मनात सॉफ्ट पेस्टल आहेत असं धरून पुढचं लिहितेय.

आता कागद. गुळगुळीत कागदावर एक-दोन थर बसतात, तिसरा नुसता घसरतो. रंगाचे कण अडकायला पृष्ठभाग खरखरीत हवा. कॅन्सन कंपनीचा ‘मी-तँत’ कागद सुरुवातीला चांगला. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू त्यामानाने सपाट. जाळी चित्रात उठून दिसते, म्हणून मी सपाट बाजू वापरते. पेस्टलसाठी मिळणारा वाळूचा थर दिलेला कागद आणखी जास्त थर पेलतो, पण महाग असतो आणि बोटांची सालं काढतो. पांढरा कागद मात्र टाळा. मधूनमधून राहिलेली पांढरी भोकं डोळ्यांत खुपतात आणि पहिलाच रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. करडा किंवा मातकट कागद घ्या.

रंग निवडताना डब्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. सगळ्या कांड्या एकसारख्याच राखाडी दिसल्या तर तो सेट ठेवून द्या. पेस्टलमध्ये पाणी घालून रंग फिका करता येत नाही, त्यामुळे फिक्या आणि गडद छटा आयत्याच हाताशी लागतात. बऱ्याच सेटमध्ये मधल्या छटांचीच गर्दी असते आणि खरे गडद रंग कमी पडतात. गडद निळा, गडद तपकिरी आणि काळपट जांभळा अशा तीन कांड्या सुट्या घ्या.

नव्या कोऱ्या अख्ख्या कांडीवरचा कागद सोलून तिचे दोन तुकडे करा. जिवावर येतं, पण करा. तुकडा आडवा धरून हलक्या हाताने कागदावरून ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खालचा कागद मधून डोकावत राहतो. टोकाने रंगवत बसलात तर हे कधीच दिसणार नाही.

कच्चं रेखाटन पेन्सिलीने नको, शिशाच्या तुळतुळीत रेघेवर पेस्टल धरत नाही. कोळशाची बारीक कांडी चालेल. बाकी किरकोळ: कागदापेक्षा मोठा बोर्ड, मास्किंग टेप, मळून वापरायचं खोडरबर, हात पुसायला ओलं फडकं.

बोर्ड उभा ठेवा म्हणजे भुकटी खाली पडेल. ती फुंकू नका! काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात, ते नाकात जायला नकोत. बोर्ड मागून टिचकी मारून झटका, भुकटी ओल्या फडक्याने टिपा.

फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर पक्की करणारा फवारा, सध्या घेऊ नका. त्याने फिके रंग काळवंडतात. भुकटीचं चित्र टिकेल का अशी शंका असेल तर शार्दँचं उदाहरण घ्या. म्हातारपणी डोळे साथ देईनासे झाल्यावर हा फ्रेंच चित्रकार पेस्टलकडे वळला, आणि त्याचं १७७५ चं पेस्टलमधलं आत्मचित्र आजही लूव्ह्र संग्रहालयात आहे. काचेला चित्र चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून फ्रेम केली की झालं. तोवर वर ग्लासाइन नावाचा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद ठेवून आडवं ठेवा.

काही दिवसांनी एकमेकींना घासून सगळ्या कांड्या मळकट दिसायला लागतील. त्या डब्यात मूठभर तांदळात घालून हलक्या हाताने हलवा, धूळ तांदळाला लागते. तो तांदूळ अर्थातच फेकून द्यायचा.